'आहे' आणि 'असावे' यांतले अंतर

मा. संपादक,
स. न.

एप्रिल २०२५ मध्ये परग्रहावरच्या जीवसृष्टीचे मथळे सगळीकडे झळकले. काहींनी प्रश्नचिन्ह तरी ठेवले, काहींनी तेही गाळले. ग्रह होता के२-१८ बी. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या चमूने जेम्स वेब दुर्बिणीतून टिपले ते एवढेच: ग्रह ताऱ्यासमोरून सरकताना त्याच्या वातावरणातून गाळून आलेल्या प्रकाशात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जातीच्या वायूची खूण असावी. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो, म्हणून एवढी खळबळ. पण तोच वायू ६७पी धूमकेतूवरही सापडला आहे आणि तिथे कुणी राहते असे कोणी म्हणत नाही! शिवाय ही खूण निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता हजारात तीन होती. ऐकायला भक्कम वाटते, पण शोध लागला म्हणायला शास्त्रज्ञांना याहून कितीतरी पक्का पुरावा लागतो, आणि तसे त्या चमूनेही सांगितले होते. पुढे इतरांनी तीच निरीक्षणे तपासली, तेव्हा त्यांना ती खूण फारच पुसट वाटली. हे मला आतल्या पानांत शोधून शोधून वाचावे लागले.

हा ग्रह '१२४ प्रकाशवर्षे' दूर आहे, म्हणजे तिथून प्रकाशालाही इथे यायला १२४ वर्षे लागतात; हा आकडाही आपण घाईने ओलांडतो. १९७७ पासून धावणारे व्हॉयेजर-१ हे अंतराळयान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर कापते. त्या वेगाने तिथे जायला २२ लाख वर्षे लागतील. दुर्बिणीत आलेला तो प्रकाश निघाला तेव्हा आपल्याकडे विसावे शतक नुकते उजाडत होते. मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा रेडिओ संदेश पकडला तो १९०१ मध्ये. म्हणजे तिथे कुणी कान लावून बसलेच असेल, तर त्याच्यासाठी आपले रेडिओयुग आत्ता कुठे सुरू होते आहे, आणि तोही आवाज इतका क्षीण की ऐकू येण्याची आशा नकोच. आपण 'कोण आहे?' विचारले, तर 'ओ' यायला २४८ वर्षे!

मी काही नास्तिक नाही या बाबतीत. एकट्या आपल्या आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे असताना जीव फक्त इथेच रुजला असेल, हे माझ्या मनाला पटत नाही. पण मन मानते म्हणून ती बातमी होत नाही. तेव्हा पुढच्या वेळी खात्री किती आणि दुसऱ्या कुणी पडताळले का, या दोन ओळी मथळ्याखालीच द्याव्यात. आणि खूण पुसट ठरली, तर तेही त्याच पानावर छापावे.

आपला,
एक नियमित वाचक