रात्रपाळी घेतली आहे. आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं होत नाही. आई रडते, बाबा "बरं" म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहिते आहे.

कोल्हापूरचं काम मी घेतलं नाही. इथल्या विमानतळावरच्या पाडकामाची रात्रीची जबाबदारी घेतली आहे, पुढच्या दिवाळीपर्यंत. सही झालेली आहे, तेव्हा दादाकडून निरोप पाठवू नका, तो बिचारा मध्ये सापडतो. तासगावहून कोल्हापूर दोन तासांवर आणि मुंबईला यायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, हे मला कळतं. हिशेब करूनच होकार दिला आहे.

बाबा, तुम्ही म्हणालात, पाडायला इंजिनिअर कशाला लागतो, पोकलेन लावलं की झालं. माळरानावरची इमारत असती तर खरं होतं. इथे भिंतीच्या अलीकडे काँक्रीट फोडणारा ब्रेकर चालतो आणि पलीकडे माणसं बॅगा घेऊन रांगेत उभी असतात. दादाला सोडायला आपण सहारच्या ज्या जुन्या टर्मिनलला गेलो होतो ना, ती इमारतही अशीच चालू विमानतळावर तुकड्यातुकड्याने उतरवली. नवं टर्मिनल त्याच जागेवर उभं राहिलं, 2014 च्या फेब्रुवारीत सुरू झालं. त्या सगळ्या काळात विमानं येत-जात होती. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. काम आहे म्हणून विमानतळ थोडा वेळ बंद ठेवा, असं इथे म्हणायची सोयच नाही.

तुम्हाला आवडेल तो भाग आधी सांगते. पाडकामाचे पहिले कित्येक आठवडे आम्ही काहीच पाडत नाही, फक्त लाइन क्लिअर घेत बसतो, म्हणजे कुठल्या तारेत वीज नाही याची खात्री करून घेतो. इमारत रिकामी झाली, वीज तोडली, तरी तिच्या पोटातून जाणारी एखादी केबल दुसऱ्याच कुणाला तरी पुरवठा करत असते. शेजारच्या चालू टर्मिनलचा सामानाचा पट्टा, एखादा आगीचा पंप, काहीही. जुन्या नकाशांवर विसंबता येत नाही, कारण तीस वर्षांत कुणीकुणी केबली ओढल्या आणि कागदावर आणल्याच नाहीत. म्हणून आधी केबल शोधणारा लोकेटर आणि जमिनीचं रडार फिरवायचं, मग हाताने चाचणी खड्डे घ्यायचे. खुणेच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर तरी यंत्र लावायचं नाही, फावडं आणि तेही जपून. लाइन जिवंत निघाली तर तिला आधी नवी वाट करून द्यायची, त्या वाटेवर काही आठवडे निर्धोक चालू द्यायची आणि मगच जुनीला हात लावायचा. तोडतानाही तुम्ही खांबावर काम करताना करायचात तसंच: बंद, कुलूप, पाटी, टेस्टर, अर्थिंग. कुलपाची किल्ली ज्याचं काम त्याच्याच खिशात. शेवटी माणूस लांब उभा राहून केबलमध्ये यंत्राने खिळा मारतो, ती मेल्याची खात्री करतो, तेव्हा कुठे करवत लागते. त्या पावसाळ्यात खांबावर जे झालं, त्यानंतर तुम्ही घरात जो नियम केलात, तो मी इथे पन्नास माणसांना रोज ऐकवते.

टॅक्सीवेच्या, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत ज्या वाटेने जातात तिच्या, दिव्यांचं तर तुम्हाला सांगायलाच हवं. कडेला निळे, मधोमध हिरवे. आपल्या घरातल्यासारखे ते समांतर जोडलेले नसतात, गणपतीच्या जुन्या माळेसारखे एकामागे एक असतात. प्रत्येक दिव्याला स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे एक दिवा गेला तरी बाकीचे राहतात. पण मूळ केबल तुटली की अख्खं सर्किट अंधारात. सर्किटला वीज देणारा रेग्युलेटर करंट कायम ठेवायला बघतो, पूर्ण उजेडाला 6.6 अँपिअर. त्यामुळे तुटल्या टोकांवर व्होल्टेज चढत जातं, ट्रिप होईपर्यंत हजारांत. ते टोक चुकून हातात धरणाऱ्याचं काय होईल, हे तुम्हाला मी सांगायला नको. आईला हा परिच्छेद वाचून दाखवू नका.

आई, पुढचं तू वाच. तुला वाटतं मी वरून पडेन, नाहीतर अंगावर काही पडेल. त्या भीतीसाठी पट्टा आहे, जाळी आहे, आणि मी बहुतेक वेळ खाली वॉकीटॉकी घेऊन उभी असते. इथला खरा घोर वेगळाच आहे: काम अर्धवट राहणं. टॅक्सीवेला लागून असलेलं क्रेनचं काम आम्हाला मध्यरात्रीनंतर मोजके तास मिळतं. इथे रात्रीही विमानतळ झोपत नाही, परदेशी विमानांची गर्दी तेव्हाच असते. पण आमच्या बाजूचा तेवढा तुकडा बंद करून देतात, वैमानिकांना आधी सूचना निघते. घड्याळ झालं की जागा जशीच्या तशी परत द्यावी लागते. अर्धा कापलेला लोखंडी गर्डर वर लोंबकळत ठेवून "उरलेलं उद्या" म्हणता येत नाही. म्हणून प्रत्येक उचलीला एक वेळ ठरलेली असते, त्या वेळेपर्यंत गॅस कटर लागला नसेल तर लावायचाच नाही. मुकादम कितीही म्हणाला की ताई, पंधरा मिनिटांत होतं, तरी नाही. पंधरा मिनिटांत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

एअरोब्रिजचं उदाहरण देते, बाबांसाठी. विमानाच्या दाराला लागतो तो बोगदा. एक पूर्ण पूल तीसेक टनांपासून पुढे भरतो. आतले बोगदे एकमेकांत सरकणारे असतात, म्हणून उचलण्याआधी ते साखळ्यांनी आणि पट्ट्यांनी आवळून बांधायचे, नाहीतर हवेत असताना एक दुसऱ्यातून घसरतो आणि सगळा तोल जातो. खाली टेकू द्यायचे, मग इमारतीकडचं टोक सोडवायचं. कागदावरच्या वजनावर क्रेन मागवली की फजिती ठरलेली. मागाहून कुणीतरी पोटाखाली एसीचं युनिट टांगलेलं असतं, विमानाला वीज देणारा 400 हर्ट्झचा कन्व्हर्टर टांगलेला असतो. शिवाय चाकं आणि केबिन एकाच टोकाला, त्यामुळे भार मधोमध नसतो. ते सगळं आधी उतरवायचं, मग पूल वीतभर उचलून पाच मिनिटं तसाच धरायचा. क्रेनचा काटा काय म्हणतो आणि कुठलं टोक खाली जातंय ते बघायचं. पटलं नाही तर खाली ठेवायचा. तेवढ्यासाठी एक रात्र वाया गेली तरी चालते.

क्रेनच्या उंचीवरही माप आहे. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना मोकळी पट्टी असते, तिच्या कडेपासून दर 7 मीटर लांब गेलं की 1 मीटर चढायची मुभा. म्हणजे कडेपासून 70 मीटरवर 10 मीटर, त्याच्या वर बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, गेला की परवानगीचा प्रश्न. काम नसेल तेव्हा बूम खाली, टोकाला लाल दिवा. वारा वाढला की काम बंद, मग समोर ट्रेलर भाड्याने उभा असला तरी.

स्लॅब आम्ही वरून खाली उतरवतो, खालच्या दोन-तीन मजल्यांना जॅक देऊन. मलबा साचू द्यायचा नाही. स्लॅब मोडतात ते यंत्राच्या वजनाने कमी आणि ढिगाच्या वजनाने जास्त. हजार चौरस मीटरचा, 150 मिलिमीटर जाडीचा एक स्लॅब म्हणजे 150 घनमीटर काँक्रीट, 360 टन. सोळा टनांचा डंपर धरला तर 22-23 खेपा. प्रत्येक डंपर गेटवर तपासला जाणार, चालकाचा पास बघितला जाणार, बाहेर पडताना ताडपत्री आणि चाकं धुतलेली, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत शहरात अवजड गाड्यांना बंदी. कामाचा वेग ब्रेकरवर ठरत नाही, गेटवर ठरतो. हे कळायला लोकांना फार वेळ लागतो.

आणि झाडलोट. आई, तू मला झाडू नीट मारत नाहीस म्हणून बोलायचीस, आता ये आणि बघ. 2000 साली पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड पडलं, ते धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीने टायर फाटल्यामुळे. ती पट्टी दीड फुटाचीही नव्हती. म्हणून बांधायच्या तारेचा तुकडासुद्धा आम्ही सोडत नाही. लोहचुंबकाची गाडी फिरते, मग माणसं ओळीने चालत जातात, मग विमानतळाची जीप येऊन बघते आणि सही करते. हत्यारं मोजून आत, मोजून बाहेर. एक पाना कमी पडला तर तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. थर्माकोल आणि प्लॅस्टिक उघड्यावर ठेवायचंच नाही, इंजिनाच्या झोताने ते कुठच्या कुठे जातं. डबेही बंद खोलीतच खायचे, कारण उष्टं पडलं की घारी येतात, आणि घार इंजिनात जाणं कुणालाच परवडत नाही. धुळीसाठी पाण्याचे फवारे, पण तेही बेतानेच. पाणी साचलं की चिखल नाल्यात जातो.

चालू टर्मिनलच्या बाजूला धूर ओळखणारी यंत्रं असतात, ती धुळीलाही फसतात आणि हजार माणसं बाहेर रस्त्यावर येतात. म्हणून पाळी सुरू होताना त्यांना टोप्या घालायच्या आणि संपताना काढायच्या. टोपी राहिली तर खरी आग लागली तरी भोंगा वाजणार नाही. किती घातल्या, किती काढल्या याची वही माझ्याकडे आहे, ती मी कुणाकडे देत नाही.

आता कळलं का, मी का थांबले? कुठली लाइन मेली, कुठली वळवली, कुठल्या खांबाखाली काय निघालं, हे सगळं माझ्या नोंदवहीत आहे आणि वहीपेक्षा जास्त डोक्यात. मध्येच माणूस बदलला की नव्याला वाटतं, ही केबल जुनीच असणार. अपघात तिथे होतात. पैसे जास्त आहेत म्हणून नाही. म्हणजे आहेत, पण म्हणून नाही.

माझी काळजी करू नका. खोली विलेपार्ल्यात आहे, कंपनीची गाडी घरून नेते आणि दारात सोडते. जेवणाचा डबा लावला आहे, भाकरी मिळते, तुझ्यासारखी नाही. खिडकीला जाड पडदा लावून आठ ते तीन झोपते. कानात प्लग, तोंडाला नीट बसणारा मास्क, वर्षातून एकदा कानांची आणि फुप्फुसांची तपासणी. लहानपणी माळ्यावर जायला भ्यायचे तेव्हा तू जिन्याखाली उभी राहून पाढे म्हणायचीस, आणि मी सतराच्या पाढ्यापर्यंत वर पोचलेली असायची. आता रात्रभर अंधारात असते, पण भीती वाटत नाही. तुझी आठवण मात्र येते.

गौरी जेवतात त्या दिवशी मी नसेन. छपराचे लोखंडी ट्रस तेव्हाच उतरवायचे आहेत. अनंत चतुर्दशी झाली की चार दिवस येते, पुरणपोळी तेव्हा कर, माझ्यासाठी दोनदा राबू नकोस.

आता ऐका, दोघंही. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. दादा तारीख घेईल, मी त्या आठवड्यात रजा टाकलेली आहे. थेंब डॉक्टर लिहून देतील तितक्या वेळा, बरं वाटलं म्हणून बंद नाही. आईच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणायच्या. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला मिस्त्री रविवारी येतोय, त्याला "नको, आम्ही काय म्हातारे झालो का" म्हणून परत पाठवू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी बाबांनीच घालायचं, पण स्टुलावर चढून नाही; बॅटरी मी खाली आणून ठेवायला सांगितलं आहे.

आणि गोठ्यावरचे ते जुने सिमेंटचे पत्रे. दादा म्हणाला, बाबा ते स्वतः हातोड्याने फोडून काढणार आहेत. अजिबात नाही. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, फुटलं की तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात जाऊन बसतात, त्रास वीस-तीस वर्षांनी होतो. तुम्ही म्हणाल, मला कुठे तीस वर्षं काढायची आहेत. पण शेजारच्या पोरांना काढायची आहेत. इथे आम्ही ते भिजवून, नटबोल्ट सोडवून, अख्खे उतरवतो, दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतो आणि तळोज्याला घातक कचऱ्याच्या जागी पाठवतो. मी येईपर्यंत त्यांना हात लावू नका. गळत असतील तर वरून ताडपत्री टाका. तुकडे पडले असतील तर झाडू मारू नका, पाणी शिंपडून ओल्या फडक्याने उचला आणि फडकंसुद्धा पिशवीत बांधून बाजूला ठेवा.

मेतकूट संपलं आहे. दादा येईल त्याच्याबरोबर पाठवा, आणि लिंबाचं लोणचं, गोड नको, तिखट.

तुमची,
सुमी