उक्त्यानं दिलेलं ॲप

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस, मी गप्प बसतो आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून लिहायला बसलो. संत्र्याच्या सौद्यासाठी तू आणि तुझा भागीदार जे ॲप एका कंपनीकडून करून घेताय, त्याचा तू पाठवलेला करार वाचला, त्या कंपनीचे मेलही वाचले. पोळ्याला ॲप हातात देतो म्हणाले होते, दसरा होऊन गेला. इकडे आपल्या शिवारात अंबिया बहाराचे, म्हणजे संत्र्याच्या सध्याच्या पिकाचे, सौदे जवळपास उरकले. या वर्षीचा अंबिया तुमच्या हातून गेला, हे आधी मनाशी मान्य करून टाक. मृग बहार, म्हणजे पुढचं पीक, फेब्रुवारीनंतर तोडणीला येईल. जे काही वाचवायचं, ते त्याच्यासाठी.

त्यांनी 'टेस्टिंगसाठी' दिलेलं ॲप मी बांधावरच्या काकांच्या मोबाइलवर टाकलं. त्यांचा मोबाइल तुला ठाऊक आहे, काच तडकलेली आणि आत निम्मे नातवाचे व्हिडिओ. भर उन्हात बगीच्यात उभे राहून भरायला लागले. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, त्यांना दिसेनात. मी हाताची सावली धरली. ओटीपी आला तो मुदत संपल्यावर. कसंबसं आत शिरलो. झाडं किती, वय किती, बहार कोणता, ओलित कशाचं, सगळं भरलं. मग झाडाचा फोटो मागितला. कॅमेरा उघडला, फोटो काढला, परत आलो तर सगळे रकाने कोरे. पुन्हा भरलं, पुन्हा कोरे. काका म्हणाले, "भाऊ, मी भरतो आन् हे गिळते."

आपल्या अमरावतीच्या भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, स्वस्तातल्या मोबाइलची मेमरी कमी असते. कॅमेरा उघडला की मागचं ॲप अँड्रॉइड बंद करून टाकतं, म्हणून भरलेलं जागच्या जागी जपून ठेवायची सोय करावी लागते. हे नवं नाही म्हणे, शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे त्यांनी ते महागड्या मोबाइलवर, ऑफिसच्या वायफायवरच पाहिलं असणार. शेवटी फोटो न टाकताच पुढे गेलो, तर वर पट्टी आली: "तुमची ऑर्डर किचनमध्ये तयार होत आहे." काकांनी ती मोठ्यानं वाचली आणि मला विचारलं, "आमच्या संत्र्याले शिजवते काय हे?" आई अंगणात होती, ती पोट धरून हसली. मलाही हसू आलं, तुझे पैसे आठवले तेव्हा थांबलं.

तर त्यांनी जेवण घरपोच देणाऱ्या ॲपचा तयार सांगाडा घेतला, त्याला केशरी रंग दिला आणि तुला विकला. तयार सांगाडा वापरला याचा मला राग नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या निम्म्या दरात करतो म्हणाले, तेव्हा नव्यानं बांधणार नाहीत हे उघड होतं. राग याचा आहे की सांगाडा वापरताना आपला व्यवहार कसा चालतो हे त्यांनी विचारलंच नाही. जेवणाच्या ॲपात काय असतं? मागवलं, पैसे दिले, आलं, संपलं. बगीच्याचा सौदा असा असतो का? व्यापारी येतो, बहार पाहतो, कधी उक्ता बोलतो, म्हणजे अख्ख्या बगीच्याची एकच रक्कम, कधी हजारी भावानं, म्हणजे हजार फळांमागे. इसार देतो. पहिला तोडा होतो, हिशेब होतो. दुसऱ्या तोड्याच्या वेळी चुरी, म्हणजे बारीक फळं, कोणाच्या माथी यावरून भांडण. मधेच बांगलादेशनं आयात शुल्क वाढवलं की भाव पडतो आणि व्यापारी इसारावर पाणी सोडून झाडावरचा माल तसाच टाकून जातो. तुझ्या ॲपात तोडा दोनदा होऊ शकतो याला जागाच नाही, आणि सौदा मोडला तर 'रिफंड' दिसतो. शेतकऱ्याला इसाराची पावती मिळावी यासाठीच तर तू हा खटाटोप मांडला होतास. पावती सोडून त्यात सगळं आहे, जेवण आणणाऱ्या पोराला टिप देण्याची सोयसुद्धा आहे. वर आयफोनसाठी वेगळे पैसे घेतले. आपल्याकडे इसार घेणाऱ्या कोणत्या शेतकऱ्याच्या खिशात आयफोन पाहिलास?

आता कराराबद्दल. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात काढलं, तेव्हा हे तुला माझ्याकडून ऐकावंच लागेल. चाळीस टक्के सही करताना, तीस टक्के डिझाइन दाखवल्यावर, वीस टक्के 'टेस्टिंग'ला, दहा टक्के शेवटी. डिझाइन म्हणजे चित्रं! चित्रांवर सत्तर टक्के गेले, वापरता येईल असं काही हातात येण्याआधी. आमच्याकडे ठेकेदाराचं चालू देयक निघायचं ते मोजमाप पुस्तकावर. पानांना छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, नोंद शाईनं, चूक झाली तर खोडून सही. जागेवर टेप लावून जेवढं काम दिसेल तेवढंच लिहायचं, आणि वरचा अधिकारी त्यातलं काही स्वतः पुन्हा मोजून पाहायचा. पाया तर बुजवायच्या आधी मोजायचा, कारण नंतर तो कोणालाच दिसत नाही. तुझ्या कामातला पाया म्हणजे सर्व्हर, माहितीचा साठा आणि कोड. तो तू एकदाही उघडून पाहिला नाहीस, दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर रंगरंगोटी पाहत राहिलीस. शेवटी काही रक्कम सुरक्षा ठेव म्हणून अडकवून ठेवायची पद्धत आमच्याकडे उगीच नव्हती. काम झाल्यावर पहिल्या पावसात गळलं तर ठेकेदार त्या पैशासाठी तरी परत येतो.

'कामाची व्याप्ती' या मथळ्याखाली चार ओळी आहेत. त्यातली एक 'इत्यादी' या शब्दानं संपते. या शब्दापायी माझ्या नोकरीत कितीतरी वाद झाले.

पण मला खरी काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. करारात मालकीबद्दल एक अक्षर नाही. पैसे मी दिले म्हणजे कोड माझा, असं तू गृहीत धरलंस. कॉपीराइट कायदा, १९५७ मी पुन्हा काढून वाचला. त्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो. कलम १७ प्रमाणे नोकरानं नोकरीत केलेलं काम मालकाचं. बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलं तर तसा करार नसल्यास पहिली मालकी करणाऱ्याची. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यातही मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. म्हणजे आज ते ॲप कागदावर तुझं नाही.

प्ले स्टोअरवरही ते त्यांच्याच खात्यातून चढवलंय. स्वतःचं खातं उघडायला एकदाच पंचवीस डॉलर लागतात, तेवढ्यासाठी तू त्यांच्यावर विसंबलीस. आता ते तयार झाले तर गुगलच्या रीतसर प्रक्रियेनं ॲप तुमच्या खात्यात हलवता येतं. नाही झाले तर नव्या नोंदणीनं नवं ॲप चढवायचं आणि जुनं वापरणाऱ्यांना ते नव्यानं मोबाइलवर घ्यायला सांगायचं. ओटीपीच्या एसएमएसचंही तेच. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं शीर्षक आणि मजकुराचा नमुना डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेत, नोंदवावा लागतो. ती नोंदणी कोणाच्या नावावर आहे, पाहिलंस का? मी मेलमध्ये पाहिलं. त्यांच्या.

तुझा भागीदार म्हणतो कोर्टात जाऊ, आणि तू म्हणतेस त्यांचं नाव घेऊन सगळीकडे लिहू. दोन्ही आता नको. शेवटचे दहा टक्के अजून तुझ्याकडे आहेत, आणि त्यांना ते हवे आहेत. त्या पैशावर कागद करून घे: कोडचा संपूर्ण हक्क, कायमचा, जगभरासाठी, सहीनिशी, कोड जिथे ठेवतात ते गिटहबवरचं भांडार जुन्या नोंदींसकट तुमच्या नावावर, सर्व्हर, डोमेन, फायरबेस ही गुगलची ॲपमागची सेवा, डीएलटी, प्ले स्टोअर सगळं हस्तांतरित. नुसती एपीके फाइल दिली तर घेऊ नकोस, ती तयार माल असते, त्यातून दुरुस्ती करता येत नाही. कोड हाती आल्यावर दुसऱ्याच कोणाला तरी त्यांच्या मदतीशिवाय त्यातून ॲप बनवायला सांग. बनलं तर पैसे सोड. बोलताना आवाज चढवू नकोस. तुला भेटायला आलेला तो गोड बोलणारा साहेब इसार घेऊन गायब झाला हे खरं, पण आता मेलला उत्तर देणारी मुलं तुझ्याच वयाची आहेत. त्यांना कोणी बगीचा दाखवला नाही. तूही नाही.

भागीदाराला सांग की यापेक्षा मोठ्या कंपनीला काम दिल्यानं हेच महागात होईल. तुमच्या दोघांत कोड वाचणारं कोणी नाही, मग मोजणार कोण? आधी एक माणूस स्वतःचा ठेवा, पगारी. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीतून निघालेली, संत्र्याच्या घरातली पोरं-पोरी सापडतील, आणि त्यांना चुरी म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. शिवाय ॲप एकदा बांधून होत नाही. गुगल दरवर्षी नव्या अँड्रॉइडच्या पातळीला आणायला लावतं, नाहीतर नव्या मोबाइलवाल्यांना ते दिसेनासं होतं. ती देखभाल बाहेरच्याला विचारत बसलीस तर दर वर्षी हाच तमाशा.

आणि मृगासाठी ॲपची वाट पाहू नकोस. ई-पीक पाहणी २०२१ साली आली तेव्हापासून गावात मोबाइलवर माहिती भरायची सवय लागली आहे, पण व्हॉट्सॲप तर सगळ्यांनाच येतं. या हंगामात इसाराची पावती व्हॉट्सॲपवर द्या, मागे वही ठेवा. व्यापारी कुठे अडतो, शेतकरी काय लपवतो, हे वहीतच कळेल. त्यातून जे कळेल तेवढंच पुढे बांधून घ्या.

पैशाचं बोलायचं टाळतेस म्हणून मीच लिहितो. माझ्या फंडातले तुला दिले ते परत मागत नाही. पण त्या पोराला किंवा पोरीला सहा महिन्यांचा पगार पुरेल एवढी सोय तुझ्या भागीदारानं करावी. त्याच्या घरचं बरं आहे, आणि अर्धी सही त्याचीही आहे.

दिवाळीला येशील तेव्हा कराराची मूळ प्रत, सगळ्या इन्व्हॉइसा आणि बँकेचं विवरण घेऊन ये. मोर्शीचे वकील ओळखीचे आहेत, पाडव्यानंतर घरीच भेटतो म्हणाले. हस्तांतराच्या कागदाचा मसुदा त्यांच्याकडून करून घेऊ, तोवर त्या कंपनीला फोनवर काही कबूल करू नकोस. काका विचारत होते, तू येशील तेव्हा दुसऱ्या तोड्याला राहशील का. मी हो म्हणून ठेवलं आहे. येताना जुने बूट आण, बगीच्यात चिखल आहे.

तुझे,
बाबा