काळ्याला चपलेनं मारू नकोस

सातारा, रविवार

प्रिय संज्या,

पत्र मिळालं. तुझा कुत्रा काळ्या खात असताना छोटा चिंटू जवळ गेला, काळ्या गुरगुरला, तू चप्पल हाणलीस आणि आता विचारतोस, "हा उलटलाय, सोडून देऊ का?" लेका, सोडू बिडू नकोस. आधी ती चप्पल बाजूला ठेव.

गुरगुरण्याआधी त्यानं बरंच सांगितलेलं असणार. खाता खाता थबकतो, अंग ताठ होतं, मान भांड्यावर तशीच ठेवून कोपऱ्यातून बघतो, डोळ्यातलं पांढरं दिसायला लागतं. एरवीही मुलं फार अंगाशी आली की कुत्री नाक चाटतात, झोप नसताना जांभई देतात, तोंड फिरवतात. आपलं लक्ष नसतं, म्हणून आवाज काढावा लागतो. त्यावर मार बसला की कुत्रं एवढंच शिकतं, की आवाज काढायचा नाही. धास्ती पोटात तशीच राहते आणि पुढच्या खेपेला ते सरळ चावतं. मग गल्लीभर, "काही कारण नसताना चावला हो!"

"शेपूट तर हलवत होता" म्हणे. अरे, शेपटीसोबत कंबरही डुलत असेल, अंग सैल असेल, तर तो खूश. शेपूट वर ताठ आणि नुसता शेंडा थरथरतोय, तर लांब राहावं. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे जास्त जाते, अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. पण ते कॅमेरे लावून मोजलेलं. आपल्याला अंगणात उभं राहून कळायचं नाही.

आणि कान पाडून बसला म्हणजे त्याला चूक कळली, हेही मनातून काढ. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी २००९ मध्ये तपासलं. मालक रागावला की कुत्री तसा चेहरा करतात, मग त्यांनी काही केलेलं असो वा नसो. तुझा चढलेला आवाज त्याला कळतो, एवढंच.

संगम माहुलीची खंड्याची समाधी तू पाहिली आहेस. वाघ येतोय हे भुंकून सांगितलं म्हणून साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांनी आपल्या त्या कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, असं इथं सांगतात. काळ्यानंही आधी सांगितलंच होतं की. त्याला मिळाली चप्पल!

आता असं कर. भांडं येण्याजाण्याच्या वाटेत नको, कोपऱ्यात ठेव, आणि तो खाईपर्यंत चिंटूला तिकडं फिरकू देऊ नकोस. तू मात्र जाता-येता लांबूनच अंड्याचा तुकडा टाकत जा. माणूस आला की खाणं जातं, ही त्याची भीती हळूहळू मोडेल. हे चिंटूच्या हातून नको, तूच कर. आधी कधी गुरगुरत नव्हता आणि आत्ताच सुरू झालं असेल, तर डॉक्टरांना दात-कान दाखव. दुखत असलं तरी कुत्री अशी वागतात. रेबीजची लस राहिली असेल तर तीही त्याच फेरीत उरक.

चिंटूला म्हणावं, काळ्या झोपलेला असताना गळ्यात पडायचं नाही. हाक मारायची, आला तर लाड करायचे, नाही आला तर राहू दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या