त्याचे वडील काय करायचे?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "हा तुझा वेब्स्टर, त्याचे वडील काय करायचे?" मी घाईत होते, नंतर सांगते म्हणाले. तो प्रश्न चार दिवस डोक्यातून गेला नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलेय.

बाबा, चारशे वर्षांपूर्वीच्या या इंग्रज नाटककाराचे वडील गाड्या बांधायचे. घोड्यांच्या गाड्या. लंडनच्या जुन्या तटाबाहेर काऊ लेनमध्ये त्यांचा कारखाना होता, जवळच स्मिथफील्डचा गुरांचा बाजार. तुमचा सगळा जन्म दापोडीच्या वर्कशॉपात एसटीच्या बॉडी बांधण्यात गेला, म्हणून तुम्हाला हे आधी सांगावंसं वाटलं. जॉन वेब्स्टरच्या जन्माची नोंद मिळत नाही, कारण त्यांच्या चर्चची दप्तरं लंडनच्या 1666 च्या आगीत जळाली. मग अभ्यासकांनी धंद्याच्या वाटेनं शोध घेतला. बाप-लेक दोघंही मर्चंट टेलर्स या व्यापारी संघाचे सभासद होते.

परवा मी ते चर्च बघून आले, सेंट सेपल्कर. आत काचेच्या कपाटात एक हातघंटा आहे. समोरच्या बाजूला तेव्हा न्यूगेटचा तुरुंग होता. 1605 मध्ये याच मर्चंट टेलर्स संघातल्या रॉबर्ट डाऊ नावाच्या व्यापाऱ्यानं 50 पौंड दान दिले. कशासाठी, तर फाशीच्या आदल्या रात्री कैद्याच्या कोठडीबाहेर घंटा वाजवून त्याला देवाची आठवण करून द्यावी म्हणून. आता वेब्स्टरच्या 'द डचेस ऑफ माल्फी' या नाटकात बघा. राणीसारख्या वाढलेल्या त्या डचेसला, म्हणजे एका ड्यूकच्या विधवेला, मारायला माणूस येतो आणि सांगतो, मी घंटावाला, शिक्षा झालेल्यांकडे आदल्या रात्री मला पाठवतात. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल, पण त्या काचेसमोर उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला. प्रसंग इटलीतला, घंटा मात्र वेब्स्टरच्या गल्लीतली.

डचेस खरी होऊन गेली. जोव्हान्ना द अरागोना, इटलीतल्या अमाल्फीची, म्हणजेच नाटकातल्या माल्फीची. 1498 मध्ये नवरा गेला, तान्ह्या मुलाच्या नावानं कारभार ही बघू लागली. पुढे आपल्याच कारभाऱ्याशी, अंतोनियोशी, तिनं गुपचूप लग्न केलं. मुलंही झाली. 1510 मध्ये लोरेतोच्या यात्रेला जाते असं सांगून ती निघाली आणि त्याला जाऊन मिळाली. एक भाऊ कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्मगुरू, मोठ्या मानाचं घराणं. तिला वाटेत धरून परत नेलं, त्यानंतर ती कोणाच्या दृष्टीस पडली नाही. अंतोनियोचा 1513 मध्ये मिलानला खून झाला. बान्देल्लो नावाच्या इटालियन लेखकानं ही हकिकत कथा म्हणून लिहिली, 1567 मध्ये ती इंग्रजीत आली. त्यात सगळा दोष बाईच्या माथी. वेब्स्टरनं 1613 च्या सुमारास त्याच कथेचं नाटक केलं आणि बाईला ताठ उभं केलं.

आई, आता तुझ्यासाठी एक जागा. भावानं डचेसवर ठेवलेल्या हेराला, बोसोलाला, संशय येतो की ही गरोदर आहे. तो काय करतो, मोसमातले पहिले जर्दाळू आणून देतो. ती अधाशासारखी खाते आणि त्याला हवा तो पुरावा मिळतो. आपल्याकडे डोहाळे पुरवतात, बाईला काय खावंसं वाटतं ते विचारून विचारून आणतात. वहिनीसाठी तू भर उन्हात चिंचा शोधत फिरली होतीस. तेच डोहाळे इथे सापळा म्हणून वापरलेत. हा प्रसंग मला गळा दाबून मारण्याच्या प्रसंगाहून क्रूर वाटतो.

डचेसचं लग्न खरं होतं का, असं तू विचारलं होतंस. होतं. खोलीत दोघं आणि पडद्याआड दासी, भटजी नाही की काही नाही. तिनं स्वतःच्या हातातली अंगठी त्याच्या बोटात घातली. इंग्लंडमध्ये 1753 चा कायदा येईपर्यंत दोघांनी 'आत्ता मी तुला वरते' असं म्हटलं की लग्न बांधलं जायचं. म्हणजे प्रेक्षकांच्या लेखी ती धर्माची बायको होती. भावांना खुपलं ते वेगळंच. तिला मारून झाल्यावर तिचा भाऊ फर्डिनंड बोलून जातो की ती विधवाच राहिली असती तर तिच्या मागे अमाप धन आपल्याला मिळालं असतं. अब्रू अब्रू म्हणून चार अंक ओरडणारा हा माणूस! आणि हे सगळं लंडनच्या लोकांना फार लांबचंही नव्हतं. राजा जेम्सची चुलत बहीण आर्बेला हिनं 1610 मध्ये न विचारता लग्न केलं, पुरुषी वेषात पळाली, पकडली गेली. नाटक रंगमंचावर होतं तेव्हा ती टॉवर या लंडनच्या किल्ल्यात कैदेत होती. 1615 मध्ये तिथेच गेली.

मरायच्या आधी डचेस दासीला सांगते, माझ्या लेकराला सर्दीचं औषध दे, आणि पोरीला झोपण्याआधी प्रार्थना म्हणायला लाव. इथे आले की मी पुस्तक मिटते. तू ऑपरेशनला आत जाताना मला म्हणाली होतीस, बाबांची बीपीची गोळी डब्यात आहे, विसरू देऊ नकोस.

एक काम आहे, बाबा. तुमची आत्या सोळाव्या वर्षी विधवा झाली आणि मागच्या खोलीत आयुष्यभर राहिली, एवढंच मला ठाऊक आहे. तिच्या वाटणीची जमीन कोणाच्या नावावर गेली? भावांनी काय ठरवलं, आणि तिला कोणी विचारलं होतं का? आपल्या वंशावळीच्या कागदावर तिच्या जागी नुसतं 'कन्या' लिहिलंय. तिचं नाव तुम्हाला आठवत असेल तर पुढच्या फोनपर्यंत थांबू नका, आजच लिहून ठेवा.

तुमची,
मनू