सांडपाणी प्रकल्पाच्या दुर्गंधीवर कंपोस्टची गाळणी : रहिवाशांना आवाहन

सन्माननीय सभासद व भाडेकरू रहिवासी यांस,
स.न.वि.वि.

आपल्या संकुलातील सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या, म्हणजेच एसटीपीच्या, दुर्गंधीबद्दल लगतच्या इमारतींतील कुटुंबांनी केलेल्या तक्रारी पूर्णपणे रास्त आहेत. सुगंधी द्रव्याच्या फवारणीने वास झाकला जातो, जात नाही. म्हणून प्रकल्पाशेजारी कंपोस्ट खताचा बायोफिल्टर, अर्थात जैविक गाळणी, उभारण्याचे व्यवस्थापन समितीने ठरवले असून त्यासाठी आपल्या सर्वांच्या सहकार्याची गरज आहे.

मैलापाणी हवेविना साचून राहिले की जिवाणू त्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू अब्ज भागांत मोजके भाग इतका अल्प असला तरी नाकाला जाणवतो. मात्र त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १००च्या आसपास पोहोचले की गंधाची जाणीवच बधिर होते. त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही, असे प्रकल्पावर काम करणाऱ्या आपल्या चालकाने समजणे जिवावर बेतू शकते. हाच वायू टाकीच्या ओलसर छतावर गंधकाम्लात बदलून काँक्रीटही पोखरतो. यासाठी साठवण टाकीत हवा सोडणारा ब्लोअर वीजबचतीसाठी बंद न ठेवता अखंड चालू ठेवण्याची व्यवस्था आम्ही सर्वप्रथम करीत आहोत, कारण पाणीच कुजू दिले तर पुढची कोणतीही गाळणी अपुरी पडेल.

मैलापाण्याचे वायू मातीच्या थरातून नेऊन शुद्ध करण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत रिचर्ड पोमेरॉय यांना १९५७ मध्ये मिळाले होते. आपली गाळणी त्याच तत्त्वावर चालेल. टाक्यांची झाकणे घट्ट बसवून त्यांखालची हवा पंख्याने ओढायची, ती ओलसर करायची आणि सुमारे १ मीटर जाडीच्या खताच्या थराखालून वर सोडायची, अशी ही रचना आहे. खताच्या कणांभोवतीच्या ओलाव्यात वायू विरघळतो आणि तेथील जिवाणू त्याचे पुन्हा सल्फेट करतात. त्यासाठी हवा थरात साधारण ३० ते ६० सेकंद रेंगाळावी लागते. ताशी ६०० घनमीटर हवा आणि ४५ सेकंद असा हिशेब धरला, तर ७.५ घनमीटर थर, म्हणजे ३ मीटर लांब व अडीच मीटर रुंद जागा पुरते.

खरी काळजी थराचीच घ्यावी लागेल. नुसते बारीक खत दबून घट्ट होते आणि हवेला वाट देत नाही, म्हणून त्यात जवळपास तितकेच लाकडाचे ढलपे मिसळावे लागतात. उन्हाळ्यात थर सुकला तर त्याला भेगा पडतात आणि वायू प्रक्रिया न होताच निसटतो. पावसात तो चिंब झाला तर हवाच अडते. ओलावा ४० ते ६० टक्के राखण्यासाठी वर शेड आणि आत पाण्याची फवारणी ही दोन्ही हवीत. थरात साठणारे आम्ल सौम्य करण्यासाठी चुनखडीचे तुकडे घालावे लागतील, आणि खाली झिरपणारे पाणी पुन्हा प्रकल्पाच्या सुरुवातीच्या टाकीत सोडावे लागेल. जिवाणू रुळायला काही आठवडे लागतात. तोवर आपण संयम ठेवावा, ही विनंती.

या गाळणीसाठी सुमारे ४ घनमीटर पक्व खत लागेल. आपल्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यांतून त्यातील काही भाग मिळेल. उरलेल्यासाठी घरी किंवा गच्चीवर खत करणाऱ्या रहिवाशांनी आपले खत द्यावे. ते पूर्ण मुरलेले, मातीचा वास येणारे असावे. अर्धकच्चे खत स्वतःच दुर्गंधी सोडते. बागेतील छाटणीच्या फांद्या जाळू अथवा बाहेर टाकू नयेत, त्यांचे ढलपे करता येतील. यंत्र किंवा रसायन अभियांत्रिकीचा अनुभव असलेल्या निवृत्त सभासदांनी पंखा व वाहिन्यांची निवड तपासून द्यावी, तर तरुण मंडळींनी दर आठवड्याला थराचा ओलावा पाहून नोंद ठेवण्याची जबाबदारी घ्यावी.

पंखा, वाहिन्या आणि शेड यांचा खर्च देखभाल शुल्क न वाढवता ऐच्छिक वर्गणीतून करण्याचा आमचा प्रयत्न आहे. वर्गणी धनादेशाने किंवा ऑनलाइन, केवळ संस्थेच्या बँक खात्यात भरावी. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि दरपत्रके सूचना फलकावर लावली जातील. पावसाळ्यापूर्वी शेड उभी राहणे आवश्यक असल्याने वर्गणी एप्रिलअखेरपर्यंत खात्यात भरावी आणि खत त्याच मुदतीत संस्थेच्या कार्यालयात पोहोचवावे.

आपली,
व्यवस्थापन समिती