भेटवस्तूची किंमत आणि तिची परतफेड

मा. संपादक,

महोदय,

भेटवस्तूंवरील खर्च म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असे मत अधूनमधून मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. त्याला आधार म्हणून जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा १९९३ चा निबंध पुढे केला जातो. नाताळात मिळालेल्या वस्तू घेणाऱ्याच्या लेखी मूळ किमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी मोलाच्या ठरतात, असे त्याने विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून दाखवले. मात्र वस्तूचे भावनिक मूल्य बाजूला ठेवून उत्तर द्यावे, असे त्या विद्यार्थ्यांना सांगितले होते. ज्या कारणासाठी भेट दिली जाते तेच वगळल्यावर जे उरले, त्याला तोटा म्हणणे मला पटत नाही.

वस्तू देण्यापूर्वी तिच्यावरची किमतीची चिठ्ठी आपण नखाने खरवडून काढतो. किंमत लपून राहणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. तरीही ही खरेदी-विक्री नव्हे, एवढे त्यातून सांगायचे असते. खरेदीत पैसे दिले की व्यवहार मिटतो आणि दोन्ही पक्ष मोकळे होतात. भेटीत मात्र देणे शिल्लक राहते आणि ते शिल्लक असेपर्यंत जाणे-येणे चालू राहते. म्हणूनच मिळालेल्या भेटीची त्याच दिवशी, तेवढ्याच किमतीची परतफेड केली, तर देणारा दुखावतो. देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तीनही बंधने आहेत, असे मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ मध्ये मांडले, ते याच अर्थाने.

मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये वर्णिलेला, न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवरील ‘कुला’ हा भेटींच्या देवाणघेवाणीचा प्रघात या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तांबड्या शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि पांढऱ्या शंखांची कडी उलट दिशेने, अशा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर फिरत राहतात. कोणी त्या कायमच्या जवळ ठेवत नाही. याच सफरींत रोजच्या वस्तूंची घासाघीस करून अदलाबदलही होते, पण ती आपल्या ‘कुला’मधल्या भागीदाराशी करायची नसते. परक्या किनाऱ्यावर निर्धास्तपणे उतरता येते ते या भागीदारामुळे. अशा भरवशाला आर्थिक मोल नाही, असे कोण म्हणेल?

उधळपट्टीचा हा आरोप किती दूर जाऊ शकतो, हे कॅनडाने दाखवले आहे. तेथील पश्चिम किनाऱ्यावरील आदिवासींच्या ‘पॉटलॅच’ समारंभात यजमान साठवलेली संपत्ती पाहुण्यांना वाटून टाकत असे. मिशनरी आणि सरकारी अधिकाऱ्यांना हा नासधुशीचा प्रकार वाटला, आणि १८८४ च्या कायद्याने त्यावर घातलेली बंदी १९५१ पर्यंत टिकली. वास्तविक पाहुणे हे यजमानाच्या पदाचे आणि वारसाहक्कांचे साक्षीदार असत आणि भेट हा त्या साक्षीचा मोबदला असे. लेखी नोंदी न ठेवणाऱ्या समाजाचे दफ्तरच त्या बंदीने बेकायदा ठरवले.

अर्थात भेट नेहमीच निरागस असते, असे मी म्हणत नाही. परतफेड करण्याची ऐपत नसलेल्याला मोठी भेट दिली की तो मिंधा होतो, आणि कित्येकदा देणाऱ्याचा तोच हेतू असतो. याहून गंभीर बाब अधिकारपदावरील व्यक्तींना मिळणाऱ्या भेटींची आहे. नात्यातल्या भेटीची परतफेड माणूस स्वतःच्या खिशातून करतो. अधिकाऱ्याला दिलेल्या भेटीची परतफेड मात्र कंत्राट, परवाना किंवा डोळेझाक या रूपाने, म्हणजे इतरांच्या हक्कांतून केली जाते. त्यामुळे भेटीच्या किमतीवर मर्यादा घालणारे नियम अपुरे पडतात, कारण छोट्या भेटीनेही उपकाराचे खाते उघडते. पॉटलॅचमध्ये सगळे देणे-घेणे भरसभेत होत असे. त्याच धर्तीवर सार्वजनिक पदावरील प्रत्येकाने स्वीकारलेली प्रत्येक भेट, देणाऱ्याच्या नावासह, कोणालाही पाहता येईल अशा नोंदवहीत लिहिली जावी आणि त्या देणाऱ्याशी संबंधित निर्णयातून संबंधित व्यक्तीने दूर राहावे, अशी मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक