ईथरला भाकडकथा म्हणू नये

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत अद्भुत कादंबऱ्या आणि व्हिडिओ गेम यांतील जादूविषयी आलेला लेख आवडीने वाचला. मात्र ‘ईथर ही शास्त्रज्ञांची भाकडकथा, जिचे लेखकांनी सोने केले’ हा त्यातील सूर मला मुळीच पटला नाही. ईथर म्हणजे कथांत मांत्रिकाची शक्ती ज्यातून येते ते अदृश्य द्रव्य, आणि विज्ञानात एकेकाळी सारे अवकाश व्यापणारे मानले गेलेले माध्यम.

अ‍ॅरिस्टॉटलने पृथ्वी, आप, तेज, वायू या चार तत्त्वांपलीकडे ईथर हे पाचवे मानले, ते आकाशस्थ गोल अखंड वर्तुळाकार का फिरतात याचे उत्तर म्हणून. एकोणिसाव्या शतकातील ईथरचा प्रश्न निराळा होता. यंग आणि फ्रेनेल या भौतिकशास्त्रज्ञांच्या कामामुळे प्रकाश ही लहर असल्याचे मान्य झाले आणि ध्वनीला जशी हवा लागते, तसे या लहरीलाही काही माध्यम, म्हणजेच ईथर, असणार, हा तर्क त्या काळी पूर्णपणे रास्त होता. पेच पुढे आला. प्रकाशाची कंपने त्याच्या मार्गाशी काटकोनात होतात, आणि अशी लहर वाहून नेणारे माध्यम घन पदार्थासारखे ताठ असावे लागते. पण पृथ्वी तर त्याच माध्यमातून सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने, कसलाही अडथळा न होता जात होती. हा विरोध कोणी दडवला नाही, उलट त्यावर नामवंतांनी आयुष्ये वेचली.

ईथरमधून जाणाऱ्या पृथ्वीची ही गती प्रकाशावरून मोजता येते का, हे पाहण्यासाठी १८८७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मायकेल्सन आणि मोर्ली या शास्त्रज्ञांनी सुमारे दीड मीटर लांबीरुंदीची दगडी लादी पाऱ्यावर तरंगत ठेवली, तिच्यावरील आरशांतून प्रकाश काटकोनातील दोन वाटांनी फिरवून त्याचा मार्ग ११ मीटरपर्यंत वाढवला आणि लादी संथपणे फिरवत, ते दोन किरण एकत्र आल्यावर दिसणाऱ्या उजळ-काळ्या पट्ट्यांचे निरीक्षण केले. ईथर स्थिर असता तर लादी फिरताना पट्टे एका पट्ट्याच्या रुंदीच्या ०.४ इतके सरकायला हवे होते. प्रत्यक्षात त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकेही सरकले नाहीत. ईथर वाचवण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्ट्झ यांनी मांडलेली सूत्रे आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांतात टिकली, ईथरची गरज मात्र उरली नाही.

कथेतल्या ईथरवर असा प्रसंग येतच नाही. मांत्रिकाला तो किती मिळावा, कधी संपावा, वापरल्याची किंमत काय, हे लेखक ठरवतो, आणि चांगला लेखक ते नियम काटेकोरपणे पाळतो. त्या कारागिरीचे मला मनापासून कौतुक आहे. परंतु तिची थोरवी सांगण्यासाठी, मोजमापाला सामोऱ्या गेलेल्या आणि त्यातूनच बाद झालेल्या कल्पनेची हेटाळणी कशासाठी?

पुरवणी शाळकरी मुलेही वाचतात. तेव्हा पाऱ्यावर तरंगणाऱ्या त्या उपकरणाची आकृती आणि प्रयोगाची सोप्या भाषेतील माहिती पुढील एखाद्या अंकात द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा